स्टेबलराव

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच्या गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. स्टेबलराव म्हणतात. नाव ठेवलं शेजारच्या चष्मेवाल्याने, आणि ते असं चिकटलं की एकदा पोस्टमननेही पाकीट पुढे करून ‘स्टेबलराव, सही करा’ म्हटलं. मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात. तोंडावर ‘अहो’ आणि ‘तुम्ही’, कारण बहिणीचा नवरा पडला. मनात ‘हा’. एकतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली मी. मला सगळी माणसं मनात ‘हा’ आणि ‘ही’च असतात, तसं नसतं तर एकालाही सुई टोचता आली नसती.

त्याचा धंदा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लोखंडी टेबल, त्यावर रबरी चटई, भिंतीला डब्यांच्या रांगा आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: लांब स्क्रू, आखूड स्क्रू, बिनकामाचे स्क्रू. ‘बिनकामाचे आहेत तर ठेवता कशाला?’ मी एकदा विचारलं. ‘काम कधी निघेल सांगता येत नाही, ताई.’ असा माणूस. कुठलाही सुटा भाग हातात घेण्याआधी टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावायचा. अंगात वीज साठलेली असते म्हणे, ती आधी बाहेर काढून टाकायची, नाहीतर आपल्या नुसत्या बोटाने नाजूक भाग मरतो. ही सवय इतकी अंगात मुरली होती की जेवताना चमचा उचलण्याआधीही याचा हात टेबलाच्या पायाकडे जायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

पण नुसते जोडून देणारे काय, छप्पन्न आहेत. याची खरी ओढ वेगळीच. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, बिस्किटाएवढी चौकोनी चकती. कंपनी तिचा वेग ठरवून देते. याचं म्हणणं, कंपनी भित्री असते. ‘ताई, यात अजून आहे. फक्त त्याला न दुखवता बाहेर काढता आलं पाहिजे.’ मग वेग एक पायरी वाढवायचा, वीज केसभर वाढवायची, किती तापतोय ते बघायचं, वहीत लिहायचं. पुन्हा एक पायरी. मशीनने निळा पडदा दाखवून मान टाकली की एक पायरी मागे. चकतीवर वाटाण्याएवढी करडी पेस्ट लावायची, म्हणजे उष्णता वरच्या पंख्याकडे जाते. वाटाण्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. मी म्हणायचे, देवाने याला माणसाऐवजी थर्मामीटर करायला हवं होतं.

आणि एवढं झालं की मग लोड. म्हणजे एक प्रोग्रॅम लावायचा, जो त्या बिचाऱ्या चकतीला क्षणाची उसंत न देता नुसती गणितं घालत बसतो. पंखे बोंबलायला लागतात. पडद्याच्या कोपऱ्यात तास-मिनिटं मोजणारा आकडा पळत असतो. असे चोवीस तास. तेविसाव्या तासाला अडखळला तरी पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक दारात उभं राहून चरफडत असायचं, ‘अहो, चालू आहे की! द्या ना!’ आणि हा ढिम्म. ‘चालू आहे. स्टेबल नाही.’ चोवीस तास पूर्ण लोडवर न अडखळता गेले की मग बोटं शर्टाला पुसायची आणि एकदाच म्हणायचं, ‘स्टेबल.’ त्याने स्टेबल म्हटलेलं मशीन कधी परत आलं नाही, असं गल्लीत सांगतात.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मला ते त्याचं पालुपद वाटायचं. काही लोक दर वाक्याला ‘काय म्हणता’ म्हणतात, हा स्टेबल म्हणतो, इतकंच. बारा वर्षं त्याच्या घरी जेवले, पण त्या शब्दाचा अर्थ काय असं एकदाही विचारलं नाही. कशाला विचारू? आमच्या वॉर्डात तोच शब्द दिवसातून पन्नास वेळा बोलला जायचा. मला तो येत होताच.

माझी बहीण त्याला भेटली ती भांडायला. ती घरांची चित्रं करायची. नुसता नकाशा आला की त्यावरून ती कॉम्प्युटरमध्ये खोली उभी करायची, खिडकीतून येणाऱ्या उन्हासकट. लोक ते चित्र बघून घर घ्यायचं की नाही ते ठरवायचे. पण तिने चित्र रचलं तरी कॉम्प्युटरला ते पुरं करायला चार तास लागायचे, आणि तेवढ्यात गिऱ्हाईकाला भिंतीचा रंग बदलून हवा असायचा. म्हणजे पुन्हा चार तास. वैतागून ती डबा रिक्षात घालून याच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘हे तुम्हाला विकत घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर माझ्यासमोर फोडा.’ याने टेबलाच्या पायाला हात लावला, डबा उघडला, आत बघितलं आणि म्हणाला, ‘यात अजून आहे.’

दोन दिवसांनी चित्र पावणेतीन तासांवर आलं. मग तिला अडीचवर हवं झालं. मग सव्वादोन. दर आठवड्याला डबा रिक्षात. आमची आई शेवटी म्हणाली, ‘कॉम्प्युटर एवढा कसा गं बिघडतो तुझा? आम्हाला एकदा दाखव तरी तो डॉक्टर.’ धाकटी लाजली नाही, ती लाजणारी नव्हतीच. उलट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘वर्ष झालं. मी अजून किती दिवस टेस्टवर आहे ते एकदाचं सांग.’ त्यावर हा म्हणे एवढा लालबुंद झाला की चष्मेवाल्याला वाटलं, याला झटका बसला. मग बोटं शर्टाला पुसली आणि तो शब्द म्हणाला. ही गोष्ट धाकटी दर चार महिन्यांनी सांगायची आणि दर वेळी तेवढीच हसायची.

अकरा वर्षं त्यांचा संसार चालला. दुकानामागच्या खोलीत ती चित्रं करायची, पुढच्या खोलीत हा स्क्रू मोजायचा. मध्ये दार, ते धूळ येऊ नये म्हणून बंद. ‘अरे ए’ अशी हाक आली की हा हातातलं टाकून आत. एरवी आग लागली तरी हा हातातला स्क्रू पुरता पिळल्याशिवाय उठायचा नाही. मी लग्न केलं नाही, मला त्यातलं कळत नाही असं लोक म्हणतात, पण एवढं मला कळायचं.

मग ती आजारी पडली. साधं लघवीचं इन्फेक्शन, अंगावर काढलं. ‘हे चित्र देऊन टाकते, मग जाते डॉक्टरकडे,’ करत चार दिवस घालवले. मला फोनवर म्हणाली, ‘जरा कणकण आहे गं.’ मी नर्स. मी म्हटलं, ‘पाणी पी भरपूर.’ त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी तिला आमच्याच जुन्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा ते रक्तात उतरलं होतं.

मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण तिथल्या सगळ्या पोरी माझ्या हाताखालच्या. त्यामुळे मला केव्हाही आत बसू द्यायच्या, आणि माझ्यामुळे यालाही. चार दिवस हा माणूस बाकड्यावरून हलला नाही. आत आला की आधी पलंगाच्या लोखंडी कठड्याला हात लावायचा, मग तिच्या हाताला. पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. आणि मॉनिटरकडे एकटक. ‘ताई, हे ब्याण्णव का झालं? मघाशी चौऱ्याण्णव होतं.’ ‘ताई, ती हिरवी रेघ अशी का?’ दर पाच मिनिटांनी. खिशातून वही काढून आकडे लिहायचा! पहिल्या दिवशी मला कीव आली. चौथ्या दिवशी माझ्या डोक्याचा भुगा झाला.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. ती डोळे उघडून दोन शब्द बोलली, मोसंबीचा रस प्यायली. डॉक्टर राउंडला आले, फाइल बघितली, ‘स्टेबल आहे’ म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. मी बाहेर आले. हा बाकड्यावर वही उघडून बसलेला.

‘स्टेबल आहे ती,’ मी म्हटलं. ‘जा आता घरी. अंघोळ करा, जरा पाठ टेका. वास मारतोय तुमचा शर्ट.’

तो उभा राहिला. ‘स्टेबल? डॉक्टर म्हणाले?’

‘हो.’

‘आणि तुम्ही? तुम्ही म्हणता का, ताई?’

‘मीही म्हणते.’

‘लोडवर?’

मला कळलंच नाही. वाटलं, चार दिवसांची झोप नाही, बरळतोय. ‘हो हो, लोडवर! सगळं बघून झालंय. निघा तुम्ही आता एकदाचे!’

तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही. चार दिवस आवळलेलं सगळं एकदम सुटलं. आत गेला, कठड्याला हात लावला, तिच्या कपाळाला लावला. ती झोपेत होती. ‘येतो गं,’ म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला. मला हुश्श झालं. खोटं कशाला सांगू, तो गेला म्हणून बरं वाटलं.

एक वाजता तिला जाग आली. ‘तो कुठाय?’

‘घरी गेलाय. अंघोळीला. येईल आता.’

‘जेवला असेल का गं?’ ती म्हणाली. ‘त्याला फोन करून सांग, जेवूनच ये. घाई करू नकोस म्हणावं. मी आहे इथे.’

मी म्हटलं, सांगते. फोन करायला उठले नाही. तिचे केस विंचरायचे राहिले होते, ते घेतले करायला. दीड वाजता तिचं बीपी घसरलं. मी एकतीस वर्षं बघितलंय ते, आकडा असा खाली यायला लागला की परत येत नाही, तरी मी बेल दाबून दाबून बोट पांढरं केलं. डॉक्टर धावले, पोरींनी मला धरून बाहेर काढलं. मग मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अकरा वेळा. शेवटी चष्मेवाल्याला लावला आणि ओरडले, ‘त्याचं दार फोडा!’ त्याने शटरवर दोन्ही हातांनी धपके मारले, पण हा मागच्या खोलीत दार लावून बसलेला, आणि आत पंख्यांचा आवाज. दहा-बारा मिनिटांनी कळलं त्याला.

दोन वाजून दहा मिनिटांनी धाकटी गेली. हा पोचला पावणेतीनला. अंघोळ केलेली, धुतलेला शर्ट, आणि उजव्या हाताच्या बोटाला करडी पेस्ट.

ती पेस्ट मी बघितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या वॉर्डासमोर, माझ्या पोरींसमोर, मी त्या माणसाला म्हटलं, ‘बायको मरत होती आणि तुम्ही डब्याला पंखे लावत बसला होतात! लाज नाही वाटली?’

तो हळूच म्हणाला, ‘ताई, तुम्ही स्टेबल म्हणालात.’

‘माझ्यावर ढकलू नका!’ मी किंचाळले. ‘खबरदार माझ्यावर ढकललंत तर!’

तो आत गेला. कठड्याला हात लावला आणि मग तिचा हात धरला. आता तिला कसला झटका बसणार होता? पण त्याने कठड्याला हात लावला.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सगळं आटोपलं आणि मी त्या घराकडे पाठ फिरवली. त्याचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. मनात एकच घोकत राहिले की हा गेला, डबा उघडून बसला, फोन बंद ठेवला आणि वर माझ्यावर ढकलून मोकळा झाला. आणि धाकटीचा निरोप मी माझ्यापाशीच ठेवला. ‘जेवूनच ये, घाई करू नकोस, मी आहे इथे.’ म्हटलं, नाही देणार. याला तो मिळायची लायकी नाही. नऊ महिने मी तो निरोप अडवून धरला. एवढी दुष्ट मी आयुष्यात कुणाशी वागले नसेन.

नऊ महिन्यांनी माझा चष्मा फुटला, आणि माझा नंबर दहा वर्षांपासून त्या एकाच चष्मेवाल्याकडे. गेले मान खाली घालून, शेजारच्या शटरकडे न बघता. त्याने मला खुर्चीत बसवलं, नाकावर ती लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग घालत बसला. ‘हे बरं की हे?’ बोलका माणूस, गप्प बसवत नाही.

‘शेजारी नाही डोकावलात?’

‘नाही.’

‘तुमचे स्टेबलराव आता स्टेबल राहिले नाहीत हो,’ तो म्हणाला. ‘विनोद नाही करत. मशीन नेहमीसारखं करतो, चोवीस तास लावतो, सगळं करतो. पण तो शब्दच म्हणत नाही. परवा एका गिऱ्हाईकाने विचारलं, स्टेबल ना? तर म्हणतो, आत्ता चालू आहे एवढंच मी सांगू शकतो. हे बरं की हे?’

‘पहिलं. एका शब्दाचं एवढं काय?’

‘एवढं काय? अहो, त्या शब्दावर तर गल्ली चालायची! त्याने स्टेबल म्हटलं म्हणजे चोवीस तास पूर्ण लोड घालून बघितलंय, जिवाच्या आकांताने पळवून बघितलंय आणि तरी पडलं नाही. आता डोळे झाकून न्या. त्याच्या तोंडून तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तुम्ही एवढ्या जवळच्या, तुम्हाला माहीत नाही?’

लोडवर? असं त्याने मला विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, हो हो, लोडवर, सगळं बघून झालंय.

‘खालची ओळ वाचा,’ चष्मेवाला म्हणाला.

‘दिसत नाही.’

‘आता? हे भिंग घातल्यावर?’

‘नाही दिसत,’ मी म्हटलं. त्याने वाकून बघितलं आणि चौकट माझ्या नाकावरून अलगद काढून घेतली. माझा चेहरा ओला झाला होता. तो माझ्यावर ढकलत नव्हता. त्याला कुणीतरी, त्याच्या सगळ्यात मोठ्या शब्दावर, हमी दिली होती. तीनदा विचारून त्याने ती पक्की करून घेतली होती. आणि ती मी दिली होती, त्याचा शर्ट वास मारत होता आणि माझं डोकं उठलं होतं म्हणून.

शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. तो टेबलाशी होता, वाळला होता बराच. मला बघून उठला. नऊ महिने मी बोललेच नव्हते असं काही त्याच्या तोंडावर नव्हतं.

‘या, ताई. बसा. पाणी आणतो.’

तो आत गेला आणि मी त्याच्या मागे गेले. मागची खोली गरम होती. धाकटीचं टेबल तसंच, खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर, आणि तिचा कॉम्प्युटर पंखे घोंघावत चालू. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा पळत होता. सहा हजार पाचशे एक्कावन्न तास, आणि मिनिटं.

‘हे काय?’

‘टेस्ट,’ तो म्हणाला. ‘नवा प्रोसेसर आणून ठेवला होता तिच्यासाठी. ती म्हणाली होती, आता नको उघडू, मी बरी झाले की बघू. त्या दिवशी घरी आलो, अंघोळ केली. फोन मेला होता, तो चार्जिंगला लावला, पण चालू करायचा राहिला. म्हटलं, ती स्टेबल आहे, म्हणजे आता येणारच घरी. आली की चित्र दीड तासात होईल, तोंडच बघू तिचं. अकरा पन्नासला लोड लावला. मग किती तापतोय ते वहीत लिहीत बसलो.’ तो थांबला. ‘तीन तासांत परत जाणार होतो.’

‘मग अजून बंद का नाही केलं?’

‘ती असताना चालू झालंय हे, ताई. अकरा पन्नासला ती होती. घरात दुसरं काहीच नाही तिच्या वेळेपासून चालू असलेलं. वीज जाते म्हणून दोन बॅटऱ्या लावल्यात. बंद करायला हात होत नाही.’

मी धाकटीच्या खुर्चीत बसले. त्याला म्हटलं, ‘मला तुम्हाला एक सांगायचंय. नऊ महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मुद्दाम सांगितलं नाही.’ आणि सांगितलं. एक वाजता ती जागी झाली, तो कुठाय विचारलं, जेवला असेल का विचारलं. ‘जेवूनच ये म्हणाली. घाई करू नकोस. मी आहे इथे.’

तो उभाच होता. तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

‘घाई करू नकोस म्हणाली?’

‘हो.’

‘मी आहे इथे, असं म्हणाली?’

‘असंच म्हणाली.’

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले आणि मग पुसायचं सोडून दिलं. मीही रडले. एकमेकांसमोर रडायला आम्हाला कसली लाज! आई कधीच गेली होती; धाकटीच्या मागे आम्हीच तर दोघं उरलो होतो.

‘तुमची चूक नव्हती,’ मी म्हटलं. ‘मी जे बोलले ते चुकून नाही बोलले, ठरवून लागेल असं बोलले. पण चूक तुमची नव्हती.’

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग गिऱ्हाईकाला विचारावं तसं, अगदी सरळ आवाजात त्याने विचारलं, ‘ताई, तुमच्यात स्टेबल म्हणजे काय?’

मी खरं तेच सांगितलं. ‘आमच्यात म्हणजे, माणसाला झोपवून ठेवलंय, औषधं चालू आहेत, आणि आकडे हलत नाहीयेत.’

‘म्हणजे लोड नसताना?’

‘हो.’

‘आणि बाहेरून सगळा आधार लावलेला असताना?’

‘हो.’

‘किती तास बघतात?’

‘तास नसतात हो. आत्ता. त्या मिनिटाला.’

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, असता तर मला सोसला असता. एखादी साधी गोष्ट आपल्याला कुणी आधी सांगितली कशी नाही, एवढंच होतं.

‘फक्त त्या मिनिटाचं?’ तो म्हणाला. ‘एका मिनिटाच्या भरवशावर कोण घरी जातं, ताई?’